व्यापारी पत्राचे बारसे

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. नाव आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसला नाही म्हणजे लोक कसे हसतात, हे तिच्यावरून दिसते. माणसाच्या बाबतीत हे हसू फारसे बाधत नाही. मूल बाराव्या दिवशी पाळण्यात घालतात, आत्या त्याच्या कानात नाव सांगते. आणि पुढे शूरसेन भित्रा निघाला किंवा लक्ष्मीबाईला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत पडली, तरी त्यांचे नाव कोणी काढून घेत नाही. व्यापाऱ्याने काढलेल्या पत्राची गोष्ट निराळी आहे. एखाद्या पेढीने, कारखान्याने किंवा दलालाने आपल्या गिऱ्हाइकांसाठी चार पाने छापली, की ती हाती पडताच वाचणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते. हे पत्र आपल्या कामाचे आहे, की विकणाऱ्याच्या? या शंकेला पहिले उत्तर शिरोभागी छापलेले नाव देते. मजकुराची पाळी त्यानंतर येते. उत्तर पटले तर पान उलटले जाते. न पटले तर त्याच पानात वाणी जिरे बांधून देतो.

व्यापारी पत्रांना नावे कशी पडली, कोणती टिकली आणि कोणती बदलावी लागली, याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याचा आरंभ लंडन शहरातील एका कॉफीगृहापासून करता येतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नावाचा एक गृहस्थ लंडनमध्ये कॉफीचे दुकान चालवीत असे. त्याचे दुकान आरंभी टॉवर स्ट्रीटवर होते; 1691 मध्ये ते लोंबार्ड स्ट्रीटवर आले. गलबतांचे मालक, तांडेल, मालाचा विमा उतरवणारे सावकार अशी मंडळी तेथे जमत. कोणते जहाज कोठे पोचले, कोणते बुडाले, कोणते शत्रूच्या हाती लागले, याची बातमी ज्याला आधी मिळेल त्याचा पैसा वाचे. ही गरज ओळखून लॉइडने 1696 मध्ये एक लहानसे पत्र सुरू केले. त्याचे नाव ‘लॉइड्स न्यूज’, म्हणजे लॉइडच्या बातम्या. हे पत्र काही महिनेच चालले. लॉर्डांच्या सभागृहाच्या कामकाजासंबंधी त्यात चुकीचा मजकूर आला, त्याबद्दल जाब विचारला गेला, आणि 1697 मध्ये ते बंद झाले.

लॉइड 1713 मध्ये वारला. त्याच्या कॉफीगृहाचे नाव मात्र जिवंत राहिले, आणि 1734 मध्ये तेथूनच दुसरे पत्र निघाले. त्याचे नाव ‘लॉइड्स लिस्ट’. दोन्ही नावांत लॉइड सारखाच आहे. फरक मागच्या शब्दात आहे. ‘बातम्या’ म्हटले की जगातील कोणतीही घडामोड त्या पत्राच्या हद्दीत येते, आणि संपादकाचा हात राजसभेपर्यंत जातो. ‘लिस्ट’ म्हणजे यादी. यादी या शब्दाला कसलाही डौल नाही. परंतु जहाजांच्या येण्याजाण्याची नोंद आणि बाजारभाव एवढेच येथे मिळेल व ते नेमके मिळेल, असे तो शब्द सांगतो. विमा उतरवणाऱ्याला नेमके तेवढेच हवे होते. या पत्राने नावाने आखलेली शीव ओलांडण्याची फारशी हौस धरली नाही. 2013 साली त्याची छापील आवृत्ती बंद झाली आणि ते केवळ विद्युत्-माध्यमातून निघू लागले. तरी नाव तेच राहिले. अडीचशेहून अधिक वर्षे एका साध्या शब्दाने काम दिले, याचे कारण पत्र त्या शब्दाशी प्रामाणिक राहिले.

सर्वच पत्रांना असे एका जागी स्थिर राहता येत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात चार्ल्स डाउ, एडवर्ड जोन्स आणि चार्ल्स बर्गस्ट्रेसर या तिघांनी 1882 मध्ये बातम्या पुरवणारी एक पेढी काढली. शेअरबाजारातील खबरी कागदाच्या लहान तुकड्यांवर हाताने लिहून पोऱ्यांकरवी दलालांच्या कचेऱ्यांत पोचवणे, हा त्यांचा धंदा होता. 1883 च्या नोव्हेंबरापासून दिवसभराच्या या खबरी एकत्र करून ते संध्याकाळी दोन पानांचे एक पत्रक देऊ लागले. त्याला त्यांनी ‘गिऱ्हाइकांचे दुपारचे पत्र’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले होते. हे नाव खोटे मुळीच नव्हते. ते पत्र गिऱ्हाइकांसाठीच होते आणि दुपार कलल्यावरच येत होते. दोष एवढाच की, जो गिऱ्हाईक नव्हता त्याच्यासाठी त्या नावाने दार लावून घेतले होते. शिवाय त्यात स्थळ नव्हते, विषयही नव्हता. दुसऱ्या गावच्या माणसाने ते नाव ऐकले, तर ते पत्र पेढीचे की खाणावळीचे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

8 जुलै 1889 रोजी त्याच पत्रकाचे चार पानांचे वर्तमानपत्र झाले. किंमत दोन सेंट. नवे नाव ‘वॉल स्ट्रीट जर्नल’. हे नाव बर्गस्ट्रेसरने सुचवले असे सांगतात. तसे असेल तर ती एक गमतीची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण पेढीच्या नावातून त्याचे स्वतःचे आडनाव गाळलेले होते. नव्या नावात ना पेढी आहे, ना गिऱ्हाईक. त्यात एक रस्ता आहे. डच वसाहतवाल्यांनी 1653 मध्ये बांधलेल्या तटावरून त्या रस्त्याला नाव पडले. तो तट 1699 मध्ये पाडला गेला, आणि पुढे त्याच रस्त्यावर पैशाची उलाढाल होऊ लागली. रस्त्याचे नाव घेताच सारा बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. मालकाचे नाव कितीही मोठे असले तरी ते एका घराचे असते; बाजाराचे नाव त्या बाजारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचे असते.

लंडनमध्येही याच सुमारास असा एक नामांतराचा प्रसंग घडला. 1888 च्या जानेवारीत ‘लंडन फायनान्शियल गाइड’ नावाचे एक पत्र निघाले. ‘गाइड’ म्हणजे वाटाड्या. पैसा गुंतवणाऱ्याला वाटाड्या हवा असतो हे खरे. परंतु पैशाच्या बाबतीत वाट दाखवतो म्हणणाऱ्याकडे शहाणा मनुष्य संशयाने पाहतो, हेही तितकेच खरे. पुढच्याच महिन्यात, 13 फेब्रुवारीला, ते नाव टाकून ‘फायनान्शियल टाइम्स’ हे नाव घेण्यात आले. त्याचा प्रतिस्पर्धी ‘फायनान्शियल न्यूज’ 1884 पासूनच बाजारात होता. दोन्ही नावांत साम्य इतके की विकत घेणाऱ्याची गफलत व्हावी. तेव्हा 1893 मध्ये ‘टाइम्स’ने आपला कागद गुलाबी केला. जे काम नावाला पुरते साधले नाही ते रंगाने साधले. या दोघांची गाठ अखेर 1945 मध्ये पडली. विकत घेणारा पक्ष ‘न्यूज’चा होता, आणि तरीही एकत्र झालेल्या पत्राला नाव ठेवले ते ‘फायनान्शियल टाइम्स’. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे नाव धारण करावे असा प्रसंग राजकारणात क्वचितच घडतो. व्यापारात तो घडला, कारण यंत्रे, इमारत आणि नोकरवर्ग यांच्याप्रमाणेच नाव हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि दोन नावांपैकी अधिक मोलाचे कोणते हे घेणाऱ्याला नीट ठाऊक होते.

हिंदुस्थानात या प्रकाराची जुनी उदाहरणे मुंबईत सापडतात. फर्दुनजी मर्झबान यांनी 1822 मध्ये गुजराती भाषेत ‘मुंबई समाचार’ सुरू केला. बंदरातील जहाजांची ये-जा, मालाचे भाव, विक्रीच्या जाहिराती असा मजकूर व्यापाऱ्यांच्या उपयोगी पडे. शहर आणि त्याची हालहवाल, एवढे दोनच शब्द. आणि दोनशे वर्षे उलटून गेली तरी ते पत्र त्याच नावाने ओळखले जाते. याच्या उलट गोष्ट 3 नोव्हेंबर 1838 रोजी निघालेल्या एका इंग्रजी पत्राची. त्याचे संपूर्ण नाव ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’. हे पत्र आठवड्यातून दोनदा निघे. त्याच्या नावाला दोन तोंडे होती. एक गावाकडे, दुसरे व्यापाराकडे. पुढे आगगाडी आली, तार आली, 1857 चा उठाव झाला, आणि मुंबईत बसून सर्व देशाच्या बातम्या देणे शक्य झाले. 1861 मध्ये रॉबर्ट नाइट याने इतर पत्रे त्यात सामील करून त्याचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ केले. व्यापार नावातून गेला, मुंबईही गेली. अंग वाढले की अंगरखा उसवावा लागतो, तसेच हे झाले.

आतापर्यंत सांगितलेली पत्रे बातमी विकणाऱ्यांची होती. परंतु ज्याला बातमी विकायची नाही, दुसरीच वस्तू विकायची आहे, अशा कारखानदाराने पत्र काढले तर त्याचे नाव काय असावे? येथे प्रश्न अधिक नाजूक होतो. कारण वाचणाऱ्याचा संशय येथे दुप्पट असतो. अमेरिकेतील डीअर कंपनी नांगर तयार करीत असे. तिने 1895 मध्ये शेतकऱ्यांसाठी एक पत्र सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘द फरो’. मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द आहे, ‘तास’. घड्याळाचा तास नव्हे. नांगराच्या फाळामागे जमिनीत जी रेघ उमटत जाते ते तास. या नावात कंपनी नाही, नांगरही नाही. विकणाऱ्याच्या दुकानात नांगर असतो. तास असते शेतकऱ्याच्या शेतात. पत्र वाचणाऱ्याच्या मालकीची वस्तू शिरोभागी लावल्यामुळे ते पत्र त्याचेच झाले.

महाराष्ट्रात नांगर करणाऱ्या एका कारखान्यापुढे पंचवीस वर्षांनी हाच प्रश्न आला, आणि त्याने दुसरी वाट धरली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार करण्यापर्यंत मजल मारली होती. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या प्रतिनिधींच्या आश्रयाने 1910 मध्ये त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला. निवडुंग आणि नाग यांचेच तेथे राज्य होते. माळ साफ झाला, घरे उठली, आणि वस्तीला किर्लोस्करवाडी हे नाव पडले. पुढे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

कारखान्याची खरी झुंज माळाशी नव्हती. ती शेतकऱ्याच्या मनाशी होती. लोखंडी फाळाने जमिनीला विष चढते अशी समजूत खेडोपाडी होती. लाकडी नांगराने वाडवडिलांनी शेती केली, ती सोडून गावच्या लोहाराला दुरुस्त करता न येणारे हे धूड कशासाठी घ्यावे, हा प्रश्नही अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. पीक बुडाले तर घर बुडेल, अशा माणसाने नव्या वस्तूवर विश्वास टाकण्यापूर्वी ती करणाऱ्या माणसाची ओळख मागावी, हे योग्यच होते.

ही ओळख करून देण्याचे साधन म्हणून 1920 च्या जानेवारीत किर्लोस्करवाडीहून एक लहानसे पत्र निघाले. ते काढणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे, वृत्तीने चित्रकार, आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणारे. पत्राचे नाव त्यांनी ठेवले ‘किर्लोस्कर खबर’.

या दोन शब्दांत पुष्कळ काही होते. ‘किर्लोस्कर’ हे आडनाव नांगराच्या आधीच मराठी घराघरांत पोचलेले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि त्यांच्या नावाच्या नाटक मंडळीने पुढील पिढीला गाण्याचे वेड लावले. तेव्हा हे नाव ऐकताच मराठी माणसाच्या कानाला ते परके वाटण्याचा संभव नव्हता. ‘खबर’ हा शब्द मूळचा अरबी, फारशीच्या वाटेने मराठीत आला; त्याचेच अनेकवचन ‘अखबार’. मराठशाहीतील दरबारी बातमीपत्रांना ‘अखबार’ म्हणत. परंतु दरबारातून तो शब्द केव्हाच चावडीवर आणि पाणवठ्यावर उतरला होता. खुशाली विचारताना ‘काय खबर?’ असेच लोक म्हणत. ‘वृत्त’ म्हटले असते तर ते शाळामास्तराचे पत्र झाले असते. ‘पत्रिका’ म्हटले असते तर लग्नाची की जन्माची, असा प्रश्न पडला असता. ‘खबर’ या शब्दात ओटीवर बसून बोलण्याचा सूर होता. त्यात एक धोकाही होता. कारण मराठीत खबर देतात तशी ती ‘घेतात’ही, आणि खबर घेणे म्हणजे चांगली हजेरी घेणे. परंतु ‘समाचार’ शब्दाचीही तीच गत असल्यामुळे तेवढ्याने बिघडण्यासारखे नव्हते.

डीअर कंपनीने स्वतःचे नाव झाकून शेतकऱ्याचे तास पुढे केले. शंकररावांनी घराचे नाव उघड पुढे केले. हे पत्र किर्लोस्करांचे आहे, त्यात त्यांच्याकडची हालहवाल आहे, असे त्या नावाने पहिल्याच ओळीत कबूल केले. संशयी गिऱ्हाइकापुढे असा उघडेपणा अनेकदा उपयोगी पडतो. विकणारा विकणारा म्हणूनच समोर आला, की त्याच्याशी घासाघीस तरी करता येते. तो सज्जन शेजाऱ्याचे सोंग घेऊन आला म्हणजे मनुष्य दार लावून घेतो.

परंतु पत्र वाढू लागले. घरच्या हालहवालीच्या जोडीला उद्योगाविषयीचे लेख आले, चित्रे आली, कथा आल्या, सामाजिक प्रश्नांवरील चर्चा आली. ज्याला नांगर घ्यायचा नव्हता, ज्याच्याकडे शेतही नव्हते, असा वाचक ते वाचू लागला. आता त्या नावातील दोन शब्दांपैकी एक अपुरा पडू लागला. कथा कोणी ‘खबरी’त शोधीत नाही. त्याच काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली होती. फारशी-अरबी शब्दांऐवजी संस्कृतोद्भव शब्द वापरावेत असा तिचा आग्रह. ‘खबर’ शब्द गळण्यास हा आग्रह कारण झाला असे सांगतात, आणि पुढे सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून प्रसिद्ध झाले. कारण शब्दशुद्धीचे असो वा विषयविस्ताराचे, पहिले दशक संपता संपता मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले.

या नामांतरात शंकररावांनी जे ठेवले ते गाळलेल्या शब्दापेक्षा अधिक विचार करण्यासारखे आहे. मासिक आता कारखान्याचे पत्र उरले नव्हते. तेव्हा कारखान्याचे नाव टाकून एखादे गोंडस संस्कृत नाव घेण्याचा मोह सहज झाला असता. परंतु दहा वर्षांत त्या आडनावाला वाचकांनी नवा अर्थ दिला होता. ‘या महिन्याचे किर्लोस्कर आले का?’ असे विचारणाऱ्याच्या मनात नांगर नसे. अशी कमाई झालेले नाव टाकणे म्हणजे वाढलेले झाड उपटून त्या जागी रोप लावणे होय. लंडनमध्ये 1945 साली ‘फायनान्शियल टाइम्स’ हे नाव राखणाऱ्यांनी जो हिशेब केला, तोच किर्लोस्करवाडीत त्यापूर्वीच झाला होता.

मात्र नवे पत्र काढताना हेच शंकरराव जुन्या नावावर विसंबले नाहीत. 1930 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्त्रियांसाठी मासिक काढले. त्याला ‘किर्लोस्कर’ हे विशेषण लावणे सोपे होते, आणि ‘गृहिणी’, ‘भगिनी’ अशी नात्याची नावेही हाताशी होती. त्यांनी ठेवले ‘स्त्री’. कोणाची पत्नी नाही, कोणाची बहीण नाही, नुसती स्त्री. ज्या काळात बायकांच्या नावापुढे कोणाचे तरी नाते लावल्यावाचून लोकांचे समाधान होत नसे, त्या काळी हा एका अक्षराचा शब्द मोठा धीट होता. मासिक कोणासाठी आहे आणि तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहणार आहे, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. 1934 मध्ये तरुण वाचकांसाठी ‘मनोहर’ निघाले. पहिल्या पत्राचे नाव काढणाऱ्याच्या घरावरून, दुसऱ्याचे वाचणारीवरून, तिसऱ्याचे वाचनाच्या आनंदावरून. चौदा वर्षांत एकाच संपादकाने नाव ठेवण्याच्या तीन निरनिराळ्या रीती वापरल्या, आणि तिन्ही मासिके पुढे अनेक वर्षे मराठी घरांत वाचली गेली.

या सर्व इतिहासावरून नाव ठेवणाऱ्याला एखादे सूत्र हाती लागते काय? नाव आखूड असावे, उच्चाराला सोपे असावे, दुसऱ्याच्या नावाशी त्याची गल्लत होऊ नये, हे नियम कोणीही सांगेल, आणि ते खरेही आहेत. परंतु ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ हे लांबलचक नाव वीसेक वर्षे चालले, आणि ‘लॉइड्स न्यूज’ हे आटोपशीर नाव एक वर्षही टिकले नाही. तेव्हा नियमांच्या मागे काहीतरी अधिक आहे. नाव म्हणजे वाचकाला लिहून दिलेला करारनामा होय. यादी देतो म्हटले तर यादी द्यावी आणि ती बिनचूक द्यावी. घरची खबर देतो म्हटले तर घर उघडे ठेवावे. करारापेक्षा अधिक देण्याचे सामर्थ्य आले म्हणजे करार नव्याने लिहावा. परंतु जुन्या कागदावर वाचकाने जी सही केली आहे ती जपून ठेवावी.

म्हणून आपल्या पेढीचे किंवा कारखान्याचे पत्र काढू पाहणाऱ्या गृहस्थाने बारशाच्या दिवशी एक साधी परीक्षा करावी. ते नाव दुकानाच्या पाटीवर कसे दिसेल हे पाहण्याआधी, दूरच्या खेड्यातील एखादा शेतकरी पोस्टमनला ते कसे विचारील, हे मनाशी म्हणून पाहावे. 1920 साली ज्या शेतकऱ्याला लोखंडी फाळाची भीती वाटत होती, त्याच्या ओटीवर ‘किर्लोस्कर खबर’ हे शब्द अडखळल्यावाचून बोलता येत होते. त्याला ते कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.